२६ टक्के कशाचे? पाळी गेल्यानंतरचे हार्मोन आणि नाशिकच्या दोन बहिणी

या प्रकरणात दोन सख्ख्या बहिणी आहेत. दोघींच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावांऐवजी धाकटी आणि थोरली एवढंच ठेवलं आहे. मी नाशिकच्या सिडकोत फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करते. पाळी जाण्याच्या त्रासासाठी म्हणून बायका क्वचितच येतात. बीपी तपासायला, थायरॉइड बघायला, झोपेची गोळी मागायला येतात आणि बोलता बोलता विषय निघतो.

धाकटीही तशीच आली. वय ४९. अंबडला विजेची स्विचं बनवणाऱ्या एका कारखान्यात ती क्वालिटीला आहे. डिसेंबर महिना, निफाडचा पारा एक आकड्यावर आलेला, घरातले सगळे दोन-दोन गोधड्या घेऊन झोपलेले, आणि ही रात्री दोनला उठून खिडकी उघडत होती. छातीपासून वर एकदम वाफ चढायची, मानेवर घाम फुटायचा, धडधड व्हायची, पाच मिनिटांनी थंडी वाजायची. रात्रीत तीन-चार वेळा. "बीपीच असणार मॅडम, माझ्या वडिलांना हार्ट अटॅक आला होता," असं म्हणून ती खुर्चीवर बसली. बीपी १३२/८४ निघालं. पाळी कधी आली होती विचारलं तर सव्वा वर्ष झालेलं.

कारखान्यात तिचं काम बारीक नजरेचं. मायक्रोमीटर लावून सुटे भाग मोजायचे, शेरा मारायचा, माल पुढे सोडायचा. गेले काही महिने दुपारी डोळे मिटत होते आणि एकच माप ती दोनदा घेऊन बघत होती. एकदा लाईनवर सगळ्यांसमोर घामाने अ‍ॅप्रन भिजला, तेव्हा शेजारच्या पोराने विचारलं, "मावशी, बरं नाही का?" हे सांगताना तिचा आवाज बदलला. वाफांचा त्रास तिने सोसला असता. आपलं काम बिघडेल ही भीती तिला सोसवत नव्हती.

तिच्याकडे आधीच काय काय माहिती होती

मी औषधाचं, म्हणजे पाळी जाताना कमी पडणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन बाहेरून देण्याचं, नाव काढण्याआधीच तिच्याकडे तीन मतं जमा होती.

पहिलं मत एका स्त्रीरोगतज्ज्ञांचं. सहा महिन्यांपूर्वी ती गेली होती, तेव्हा "वय झालं की होणारच, सवय होईल" असं ऐकून परत आली. कॅल्शियमच्या गोळ्या आणि हार्मोनची तपासणी असलेलं एक पॅकेज मिळालं. पंचेचाळिशीनंतर बारा महिने पाळी आली नसेल आणि लक्षणं अशी स्पष्ट असतील, तर एफएसएच (पाळी गेल्यावर वाढणारं हार्मोन) मोजून नवं काही कळत नाही. त्या पैशांत मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) झाली असती.

दुसरं मत थोरल्या बहिणीचं : "हार्मोनने कॅन्सर होतो. मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं." घरात हे मत सगळ्यात वजनदार होतं, कारण मावशीला अडुसष्टाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता.

तिसरं मत पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीचं. ती आईला रील पाठवत होती. त्यातल्या बाईच्या मते प्रत्येकीने हार्मोन घ्यायलाच हवेत, हृदय सांभाळलं जातं, स्मरणशक्ती टिकते, तारुण्य राहतं. त्यातच नोव्हेंबर २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, या औषधांच्या माहितीपत्रकावरचा काळ्या चौकटीतला गंभीर इशारा काढायचं जाहीर केलं. मुलीचा मेसेज आला : "मम्मी, बघ, इशाराच काढून टाकला. आता काय भीती?"

सासूबाईंच्या सांगण्यावरून शतावरी कल्पही चालू होता. वाफांमध्ये फरक नव्हता.

एकाच औषधाबद्दल तिला एकीकडून "विष" आणि दुसरीकडून "अमृत" ऐकू येत होतं, आणि दोन्हीकडचे लोक संशोधनाचाच हवाला देत होते. मला वाटतं, आपल्याकडच्या बहुतेक बायकांची इथेच कोंडी होते. माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचते, पण निकालाच्या रूपात. मोजमाप कुणाचं, किती वयाच्या बाईचं, कुठल्या गोळीचं, हे वाटेतच गळून पडतं.

तो अभ्यास

थोरलीची भीती आणि एफडीएची चौकट या दोन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. अमेरिकेत 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' हा मोठा अभ्यास झाला. त्याच्या एका भागात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका होत्या, वय ५० ते ७९. निम्म्यांना रोज एक गोळी मिळायची. तिच्यात गाभण घोडीच्या लघवीपासून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम हार्मोन एकत्र होतं. बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. जुलै २००२ मध्ये हा भाग ठरल्या वेळेआधी थांबवला गेला, कारण फायद्यापेक्षा नुकसान जास्त दिसू लागलं. बातम्यांमध्ये आलं : स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढतो. जगभर डॉक्टरांनी हार्मोन लिहून देणं झपाट्याने कमी केलं.

मी हे सांगत असताना धाकटीने मध्येच थांबवलं. "२६ टक्के कशाचे, मॅडम? आमच्याकडे कुणी रिजेक्शन ३३ टक्क्यांनी वाढलं म्हणालं की आम्ही आधी विचारतो, होतं किती? दहा हजार पिसांत तीन होते ते चार झाले, तरी ३३ टक्केच होतात."

हा प्रश्न २००२ मध्ये प्रत्येक बातमीदाराने आणि प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवा होता.

मी केसपेपरच्या मागे लिहून दाखवलं. दहा हजार बायका, एक वर्ष. औषध नसलेल्या गटात स्तनाचा कर्करोग ३० जणींना झाला, हार्मोन घेणाऱ्यांत ३८ जणींना. म्हणजे आठ जास्त. पक्षाघात २१ वरून २९, पुन्हा आठ जास्त. फुप्फुसात रक्ताची गुठळी जाण्याचं प्रमाण ८ वरून १६, इथेही आठच. बातमीच्या भाषेत मात्र पहिली वाढ २६ टक्के, दुसरी ४१ टक्के आणि तिसरी दुपटीहून जास्त (हे टक्के अभ्यासाच्या सांख्यिकी हिशेबातले, म्हणून साध्या भागाकारापेक्षा थोडे वेगळे). हृदयविकार ३० वरून ३७ झाला. दुसऱ्या बाजूला खुब्याचं हाड मोडणं १५ वरून १० वर आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग १६ वरून १० वर उतरला.

तिने कागद स्वतःकडे ओढून घेतला. तिन्ही आठांवर गोल केला.

इथे थांबून "बघा, किती किरकोळ धोका" असं म्हणणं सोपं होतं. ते मला पटत नाही. आठ म्हणजे शून्य नव्हे, आणि हा आकडा एका वर्षाचा आहे. तिनेही लगेच तेच विचारलं : "आणि पाच वर्षं घेतलं तर?" २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब छापून आला आहे. पन्नाशीला सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोज प्रोजेस्टोजेन (गर्भाशयाचं अस्तर जपण्यासाठी द्यायचं हार्मोन, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हा त्याचाच प्रकार) घेतलं, तर सत्तरीपर्यंतच्या काळात अशा दर ५० बायकांमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कर्करोग होतो. प्रोजेस्टोजेन महिन्यातले काही दिवसच घेतलं तर ७० मागे एक, आणि एकटं इस्ट्रोजेन असेल तर २०० मागे एक. औषध बंद केल्यावरही हा धोका काही वर्षं मागे राहतो. हे आकडे पाश्चात्त्य बायकांचे आहेत. भारतात स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण तिथल्या निम्म्याहून कमी आहे, त्यामुळे आपल्याकडे ही भर कमी पडेल असं धरता येतं. पण ५० मागे एक हा आकडा तिला न सांगता चिठ्ठी लिहून देणं म्हणजे तिच्या वतीने मी निर्णय घेणं झालं असतं.

मग वयाचा मुद्दा. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि पन्नाशीतल्या जेमतेम एक तृतीयांश. पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झालेल्या, रक्तवाहिन्या आधीच कडक झालेल्या कितीतरी जणी त्यात होत्या. पुढे वयाप्रमाणे आकडे वेगळे करून पाहिल्यावर दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्यांचा हिशेब बराच वेगळा आहे. आज रजोनिवृत्तीवर काम करणाऱ्या प्रमुख संस्थांचा सल्ला यावरच उभा आहे : त्रास असेल, वय या मर्यादेत असेल आणि मनाई करणारं कारण नसेल, तर फायदा सहसा धोक्यापेक्षा जास्त.

औषधही बदललं आहे. इस्ट्रोजेनची गोळी पोटातून आधी यकृतात जाते आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवते. त्वचेवर लावायचं जेल थेट रक्तात जातं. आजवरच्या निरीक्षणांत जेल किंवा पट्टीने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसलेला नाही.

आणि मुलीच्या मेसेजचं काय? इशारा काढणं आणि धोका नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या चौकटीने वयाचा, मात्रेचा, प्रकाराचा भेद न करता सगळ्या इस्ट्रोजेनला एकाच मापाने मोजलं होतं, हा आक्षेप रास्त होता. पण गर्भाशय असताना एकटं इस्ट्रोजेन घेतल्यास गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे १९७५ पासून माहीत आहे. तो इशारा एफडीएनेही ठेवलाच. हृदय किंवा स्मृती जपण्यासाठी म्हणून हार्मोन सुरू करावेत असा सल्ला आजही नाही. पासष्टीनंतर गोळी सुरू केलेल्या बायकांमध्ये तर त्याच अभ्यासात स्मृतिभ्रंश दुपटीने दिसला होता.

धाकटीचा निर्णय

तपासण्या साध्या केल्या. मॅमोग्राफी, पॅप स्मीअर (गर्भाशयमुखाची तपासणी), साखर, कोलेस्टेरॉल आणि टीएसएच, कारण थायरॉइड वाढलं तरी घाम आणि धडधड होते. सगळं ठीक होतं. बीएमआय २९, म्हणजे वजन जास्त. अशा बाईत गुठळीचा धोका मुळातच थोडा वर असतो, म्हणून गोळीपेक्षा जेल बरं. मावशीचा कर्करोग उतारवयातला, आणि मावशी आई-बहिणीइतक्या जवळच्या नात्यातली नव्हे, त्याने धाकटीचा धोका फारसा हलत नाही. वडिलांचा अटॅक बासष्टाव्या वर्षीचा.

बिनहार्मोनचे पर्यायही मांडले. व्हेन्लाफॅक्सिन, कमी मात्रेतलं पॅरॉक्सेटिन, गॅबापेंटिन. विचार-वर्तन उपचारानेही वाफांचा जाच कमी होतो. काहीच न घेता वाट बघणं हाही पर्याय आहे, फक्त ती वाट किती लांब हे माहीत असावं : अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत वाफांचा काळ निम्म्या बायकांमध्ये ७.४ वर्षांहून लांबला होता. हार्मोनने वाफांची संख्या खोट्या गोळीच्या तुलनेत सुमारे ७५ टक्क्यांनी घटते. खोट्या गोळीनेही बऱ्याच जणींना आराम वाटतो, हेही सांगितलं. ते ऐकून ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे शतावरीवाल्यांचंही खोटं नाही."

तिने आठ दिवस मागून घेतले. नवऱ्याने "मॅडम म्हणतील ते कर" असं म्हटलं, त्यावर तिचं उत्तर होतं, "मॅडम काहीच म्हणत नाहीत, मलाच म्हणायला लावतात." मला हे वाक्य फार आवडलं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. तिने मला सरळ विचारलं होतं, "तुमची बहीण असती तर?" मी म्हटलं, झोप आणि काम इतकं बिघडलं असतं तर मी तिला जेल घ्यायला सांगितलं असतं, वर्षाला एकदा हिशेब पुन्हा मांडायच्या बोलीवर. डॉक्टरने मत लपवू नये. फक्त ते आकड्यांच्या आधी येऊ नये.

आठ दिवसांनी ती आली ती ठरवून. इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनचं जेल आणि अस्तराच्या संरक्षणासाठी रात्री मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. मुदत दोन वर्षं, मग फेरविचार. कारण तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं : "मला तरुण नाही व्हायचं. रात्री झोपायचंय आणि सकाळी माप बरोबर घ्यायचंय." गंगापूर रोडवरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून उपचार सुरू केले.

थोरली

थोरली मला भेटली ती धाकटीच्या आग्रहाने, "हिला वेड लागलंय, समजवा" म्हणायला. वय ५८, निफाड तालुक्यात द्राक्षबाग. २००५ साली, अडतिसाव्या वर्षी, अंगावरून फार जातं म्हणून एका खासगी दवाखान्यात तिची पिशवी काढली आणि सोबत दोन्ही अंडाशयंही. ग्रामीण महाराष्ट्रात ही कहाणी नवी नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता.

ऑपरेशननंतर आठवड्यातच तिला वाफा सुरू झाल्या, त्याही भयंकर. तिने गोळी मागितली तेव्हा उत्तर मिळालं : हार्मोन नको, कॅन्सर होतो. त्या एका वाक्याने तिची पुढची वीस वर्षं ठरली.

या जागी मला खरोखर राग येतो. अडतिसाव्या वर्षी अंडाशयं गेलेल्या बाईला हार्मोन देणं म्हणजे शरीर आणखी दहा-बारा वर्षं स्वतःच जे बनवणार होतं ते परत देणं. मनाई करणारं कारण नसेल तर नैसर्गिक वयापर्यंत, साधारण पन्नाशीपर्यंत ते द्यावं, असा सल्ला आहे. न दिल्यास हाडं आणि हृदय दोन्ही झिजतात. शिवाय तिला गर्भाशय नव्हतं, म्हणजे एकटं इस्ट्रोजेन पुरलं असतं. त्याच अमेरिकी अभ्यासाचा दुसरा भाग अशाच, गर्भाशय काढलेल्या १०,७३९ बायकांवर होता. तो पक्षाघाताच्या धोक्यामुळे २००४ मध्ये थांबला, पण स्तनाचा कर्करोग त्यात वाढला नाही. पुढच्या वर्षांच्या पाठपुराव्यात तर तो खोट्या गोळीच्या गटापेक्षा कमी आढळला. म्हणजे कर्करोग वाढला नाही हे थोरलीच्या ऑपरेशनच्या आधी वर्षभर छापून आलेलं होतं. त्रेसष्ट वर्षांच्या अमेरिकी बाईचं, वेगळ्या गोळीचं उत्तर निफाडच्या अडतीस वर्षांच्या बाईला चिकटवलं गेलं.

दोन वर्षांपूर्वी बागेत पाय घसरून तिचं मनगट मोडलं. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.९ निघाला, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली. लघवीला सतत जळजळ, वर्षातून चार-पाचदा अँटिबायोटिक. नवऱ्याजवळ जाणं तिने कधीच सोडलं होतं, आणि हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिला आता पोटातून किंवा जेलने हार्मोन सुरू करण्याची वेळ गेली होती. वीस वर्षं इस्ट्रोजेनशिवाय काढल्यावर तो हिशेब तिच्या विरुद्ध जातो. हाडांसाठी वेगळं औषध सुरू केलं आणि जळजळीसाठी योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम दिलं. ते रक्तात इतकं थोडं जातं की त्याची तुलना गोळीशी करता येत नाही. या क्रीमवर गोळीचाच इशारा छापणं चूक आहे, असं डॉक्टर एफडीएला वर्षानुवर्षं सांगत आले होते.

महिन्याने विचारलं तर ट्यूब कपाटातच होती. मुलाने आतला कागद वाचून दाखवला होता : पक्षाघात, गुठळ्या, कर्करोग. गावच्या मेडिकलवाल्यानेही "जपून हां, हार्मोन आहे" म्हटलं होतं. माझ्या सगळ्या समजावण्यापेक्षा त्या घडीच्या कागदाचं वजन जास्त ठरलं.

ती गाठ धाकटीने सोडवली. फोनवर तिने थोरलीला केसपेपरच्या मागचा हिशेब वाचून दाखवला आणि म्हणाली, "आक्का, हे आकडे गोळीचे आहेत. तुझ्या ट्यूबचे नाहीत. तुझ्यावर दुसऱ्याच मालाचा शेरा मारलाय." थोरलीने त्या रात्री ट्यूब उघडली. त्यानंतर अँटिबायोटिक लागलेलं नाही. मला भेटली तेव्हा तिने एकच विचारलं, "मग तेव्हा मला का नाही कुणी असं मांडून दाखवलं?" माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

पुढे

धाकटीच्या वाफा तीन महिन्यांत आठवड्याला एक-दोनवर आल्या. झोप लागते, बीपी १२८/८२. दुसऱ्या महिन्यात थोडा रक्ताचा डाग दिसला आणि ती घाबरून आली. सुरुवातीच्या काही महिन्यांत हे होऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही राहिलं तर सोनोग्राफी करून अस्तर बघायचं, असं ठरलं आहे. वजन दोन किलो उतरलं. पाळी गेल्यानंतरचं जास्त वजन हे स्वतःच स्तनाच्या कर्करोगाचं कारण आहे, हा मुद्दा तिने सगळ्यात गंभीरपणे घेतला.

मग ती लाईनवरच्या एका मैत्रिणीला घेऊन आली. "हिलाही तेच लिहून द्या," म्हणाली. मैत्रिणीला २०२२ मध्ये स्तनाचा कर्करोग झालेला, तो परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू. तिला हार्मोन देता येत नाहीत. पॅरॉक्सेटिनही नको, कारण यकृतातलं जे विकर (एन्झाइम) टॅमॉक्सिफेनला कामाचं बनवतं त्यालाच ते अडवतं. तिच्या कर्करोगतज्ज्ञांशी बोलून व्हेन्लाफॅक्सिन कमी मात्रेत सुरू केलं, सहा आठवड्यांनी बोलावलं आहे.